सोनेरी गरुड आणि हरवलेलं तगर

आजचा भाग गावांच्या झेंड्यांवर आणि चिन्हांवर आहे. पोचायचंय आपल्याला ठाण्याला, पण निघतोय जर्मनीतून. कारण थोड्या वेळात कळेल.

जर्मनीत खाणीवर पोट भरलेली गावं पुष्कळ. कोळसा, चांदी, तांबं, मीठ. यातल्या कित्येक गावांच्या नगरचिन्हात दोन हत्यारं फुलीसारखी एकमेकांवर ठेवलेली दिसतात. पाहणाऱ्याला ते दोन हातोडेच वाटतात. पण त्यातला एकच हातोडा असतो. दुसरी आहे दांडा बसवलेली टोकदार छिन्नी. खाणकामगार डाव्या हातानं ती छिन्नी खडकाला लावायचा आणि उजव्या हातानं तिच्यावर हातोडा मारायचा. जोडीचं नाव ‘श्लेगेल उंट आयझन’, म्हणजे हातोडा आणि लोखंड. बस्स, एवढंच चिन्ह. आमचं पोट यावर चालतं, असं गावानं जगाला सांगितलं. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉपमधली प्रॉस्पर-हानिएल ही जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली आणि शेवटचा ढेकळा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला गेला. पण फुलीतली ती हत्यारं आजही गावागावांच्या चिन्हांवर आहेत. पोटाचं साधन गेलं, चिन्ह राहिलं.

गंमत मात्र पुढे आहे. यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात श्रीमंत गावांकडे बघा. गोसलार हे हार्ट्‌झ पर्वताच्या पायथ्याचं गाव. तिथल्या रामेल्सबर्ग डोंगरात हजार वर्षांहून जास्त काळ खाण चालली, ती १९८८ मध्ये थांबली. अशा गावाच्या चिन्हात हातोडा हवा की नको? नाही. तिथे आहे सम्राटाचा काळा गरुड. फ्रायबर्गला ११६८ मध्ये चांदी लागली आणि गाव उभं राहिलं. त्याच्या चिन्हात तट, बुरूज आणि मधे माइसेनच्या सरदारांचा सिंह. म्हणजे चांदी गावानं काढायची आणि चिन्हावर पक्षी, प्राणी मालकाचा.

मला यात आपलं ठाणं दिसतं. गोसलारमध्ये अकराव्या शतकात सम्राटाचा वाडा उभा राहत होता, त्याच शतकात इकडे श्रीस्थानकात, म्हणजे ठाण्यात, शिलाहार राजे नांदत होते. त्यांच्या झेंड्यावरही पक्षीच होता. सोन्याचा गरुड.

आता ‘होता’ असं मी ठामपणे म्हणतोय. तो झेंडा काही कुठल्या संग्रहालयात नाही. कोकणातल्या हवेत हजार वर्षं कापड टिकणं शक्यच नाही. टिकलंय ते तांब्यावर कोरलेलं वर्णन. त्याचं असं झालं, की १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून जिंकला. हाच तो पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७८७ मध्ये किल्ल्यात नव्या कामाचा पाया खणताना कुदळीला तांब्याचे पत्रे लागले. जनरल कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यानं त्यातला मजकूर कलकत्त्याला पाठवला. तिथे विल्यम जोन्सनी स्थापन केलेली एशियाटिक सोसायटी जेमतेम तीन-चार वर्षांची होती. रामलोचन पंडितांनी मजकुराचा अर्थ लावला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या अगदी पहिल्या खंडात, १७८८ मध्ये, ठाण्याचा ताम्रपट इंग्रजीत छापून आला. आपल्याकडचा ताम्रपट छापून जगासमोर येण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ.

तो होता शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ चा. जमीन दान दिल्याचा कागद. कागद म्हणायचं, पण तांब्याचा. शिलाहारांच्या अशा कागदांत राजाचं नाव येण्याआधी बिरुदांची लांबलचक आगगाडी येते. त्यातले चार डबे आपल्या कामाचे आहेत: ‘तगरपुरपरमेश्वर’, ‘शिलाहारनरेंद्र’, ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ आणि ‘सुवर्णगरुडध्वज’. तगर नगराचा स्वामी, शिलाहारांचा राजा, जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेला, ज्याच्या ध्वजावर सोन्याचा गरुड आहे तो.

हे चारही शब्द सुटे वाचले तर नुसती स्तुती वाटते. एकत्र वाचा, मग मजा येते.

जीमूतवाहनाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. हर्षाचं ‘नागानंद’ नाटक त्यावरच आहे, आणि कथासरित्सागरातही ती येते. गरुड रोज एक नाग खायचा, तसा करारच झालेला. एक दिवस शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याची आई रडत असते. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन ते बघतो आणि नागाच्या जागी स्वतः त्या वधाच्या शिळेवर जाऊन बसतो. गरुड येतो, त्याला उचलतो, टोचून खायला लागतो. हा माणूस ओरडत कसा नाही म्हणून गरुड चक्रावतो, खरी गोष्ट कळल्यावर शरमतो आणि नाग खायचं सोडून देतो. शिळेवरचा आहार तो ‘शिलाहार’. कुळाच्या नावाची फोड अशी लावली गेली.

म्हणजे बघा, ज्याचा मूळपुरुष गरुडाचं भक्ष्य झाला, त्या घराण्यानं झेंड्यावर लावला तो गरुडच!

नावाची फोड पाडून चिन्ह करणं ही युरोपातही जुनी खोड आहे. जर्मनीतल्या बोखुम या कोळशाच्या शहराच्या चिन्हावर पुस्तक आहे. कशाला? तर ‘बुख’ म्हणजे पुस्तक, आणि शहराचं नाव त्याच्यासारखं ऐकू येतं म्हणून! बर्लिनच्या अस्वलाचीही तीच कथा सांगतात. तेव्हा शिलाहारांच्या दरबारातल्या कवींनी फार काही वेगळं केलं नाही. नाव आधी होतं, बहुधा गरुडही आधी होता, आणि दोघांना जोडणारी गोष्ट नंतर बेतून बसवली, असं माझं मत आहे. भाषेच्या अंगानं बघितलं तर ‘सिलार’, ‘शिलार’, ‘शैलाहार’ अशी या नावाची रूपं लेखांत फिरत राहतात, आणि आपल्याकडचं शेलार आडनाव त्यातूनच आलं असं मानलं जातं.

मग गरुड आला कुठून? इथे एक अडचण आहे. गरुड हा विष्णूचा, आणि ठाण्याचे शिलाहार शिवभक्त. कल्याणहून पुढच्याच स्टेशनांवरचं अंबरनाथ आठवा. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० च्या सुमाराचा लेख आहे, त्यात मुम्मुणी शिलाहाराचं नाव येतं. इतकं देखणं शिवालय बांधणाऱ्या घराण्याच्या झेंड्यावर नंदी का नाही?

माझ्या मते उत्तर मालकाकडे आहे, गोसलारसारखंच. शिलाहार हे सुरुवातीला राष्ट्रकूटांचे मांडलिक. नवव्या शतकातले कान्हेरीच्या लेण्यांतले लेख वाचले की हे स्पष्ट दिसतं. वर राष्ट्रकूट अमोघवर्षाचं नाव, खाली पुल्लशक्ती किंवा कपर्दी या शिलाहाराचं. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर गरुड असतो. त्याआधी गुप्तांच्या मुद्रेवरही होता. थोरल्या सत्तेचं चिन्ह धाकट्यानं अभिमानानं अंगावर घ्यावं ही जगभरची रीत. नुसतं चिन्हच नाही, वाद्यंसुद्धा. ‘समधिगतपंचमहाशब्द’ हे बिरुद शिलाहार लावतात, म्हणजे पाच वाद्यं वाजवत मिरवायचा मान ज्याला मिळाला आहे तो. मान मिळाला, याचा अर्थ कोणीतरी दिला.

आणि मग ९७३ मध्ये तो देणाराच संपला. चालुक्य तैलपानं राष्ट्रकूट बुडवले. ठाण्याचा राजा तेव्हा किंवा त्यानंतर लगेच अपराजित. आता तो स्वतंत्र झाला होता, कोणाचं नाव वर लिहायची गरज उरली नव्हती. पण भिवंडी तालुक्यातल्या भादाणे गावचा त्याचा ९९७ चा ताम्रपट बघा. त्यात आधी राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ येते, आणि शेवटी ते राज्य लयाला गेल्याची खंत येते. धनी जाऊन चोवीस वर्षं झाली होती, तरी. मला शिलाहारांच्या सगळ्या लेखांत हा लेख जास्त जवळचा वाटतो. दुसऱ्या कोणी असतं तर नवा झेंडा शिवला असता. यांनी जुन्या धन्याचा पक्षी तसाच ठेवला.

एक बारीक गोष्ट मधेच सांगून टाकतो, कारण नंतर लागेल. त्या काळी घराण्याच्या चिन्हात दोन भाग असायचे: लांछन आणि ध्वज. लांछन म्हणजे ताम्रपटाच्या मुद्रेवर किंवा नाण्यावर उमटणारं चिन्ह. ध्वज म्हणजे रणात काठीवर फडकणारं. दोन्ही एकच असायची सक्ती नव्हती. गोव्याच्या कदंबांचं लांछन सिंह, पण ध्वजावर वानर, म्हणजे हनुमंत. सौंदत्तीच्या रट्टांचं लांछन हत्ती, पण ध्वजावर सोन्याचा गरुड. गोव्यात कदंब परिवहन महामंडळाच्या बसवर जो सिंह दिसतो ना, तो या लांछनाचा वारस. आठशे वर्षं जुनं राजचिन्ह म्हापशाच्या स्टँडवर धूळ खात उभं असतं. मला ते आवडतं. राजवाड्यापेक्षा बसवर चिन्ह जास्त लोकांच्या नजरेला पडतं.

लांछनाचं काम शोभेचं नव्हतं, हे मात्र विसरू नका. ताम्रपटाचे दोन-तीन पत्रे एका कडीत ओवायचे आणि कडीच्या जोडावर मुद्रा बसवायची. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड. ज्याला जमीन मिळाली त्याच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या जपलं जायचं, कारण उद्या गावातला कोणी म्हणाला की हे शेत तुझं नाही, तर त्याच्यापुढे टाकायला हाच पुरावा. गरुड खोटा ठरला तर शेत गेलं.

आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय? तेव्हा वाचणारे किती होते! त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. ठाणे, रायगड या पट्ट्यात शेताच्या कडेला, देवळाच्या मागे तुम्ही ते दगड बघितले असतील. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. गधेगळ. दान मोडणाऱ्याला आईवरून घातलेली शिवी, दगडात कोरलेली. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलाहारकालीन लेखातली आणि परळच्या ११८७ च्या अपरादित्याच्या लेखातली शिवी तर मराठीत आहे. वरचा सगळा थाट संस्कृतात आणि शिवी मात्र लोकांच्या भाषेत, हे व्यवहाराला धरूनच झालं. चंद्र-सूर्याचा अर्थ, ते आहेत तोवर हे दान चालेल. मला विचाराल तर राजाच्या गरुडापेक्षा सामान्य माणसाच्या ओळखीचं चिन्ह हेच असणार. गरुड पेटीत असायचा. गाढव बांधावर.

बरं, गावाचं स्वतःचं चिन्ह? जर्मनीतल्या खाणगावांना राजे-सरदार खास सवलती द्यायचे. खणायला येणाऱ्याला वेठ नाही, बाजार भरवायचा हक्क, स्वतःचा कारभार. त्या हक्काची खूण म्हणजे गावाचा शिक्का. आपल्याकडे नगर म्हणून एक सामूहिक गोष्ट नव्हती असं मुळीच नाही. शिलाहारांच्या ताम्रपटांत राजा ज्यांना उद्देशून बोलतो त्या यादीत सामंत आहेत, अमात्य आहेत, नगरपती, ग्रामपती आहेत, आणि ‘हंयमननगरपौरत्रिवर्ग’सुद्धा आहे. म्हणजे हंयमन नगरातले तिन्ही वर्गांचे नागरिक. हंयमन म्हणजे पारशांचं संजाण, असं अभ्यासक मानतात. व्यापाऱ्यांचं वजनही होतं. १०९५ च्या सुमाराच्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव शिलाहार दोन मंत्र्यांना जकात माफ करतो. त्यांचा माल कुठल्या बंदरांत उतरेल तर श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. म्हणजे ठाणे, बहुतेक नागोठणे (विदर्भातलं नागपूर नव्हे), सोपारा आणि चौल. एवढं भरलेलं ठाणं, पण कागदावरचा शिक्का राजाचा. नगर ऐकणाऱ्यांच्या यादीत, सही करणाऱ्यांच्या नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत म्युनिसिपालिट्या आल्या तेव्हा शहराला शहर म्हणून चिन्ह मिळू लागलं. मुंबई महापालिकेची १८९३ मध्ये पूर्ण झालेली इमारत बघा. दर्शनी भागात वर पंखवाली मूर्ती आहे, ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’ची, म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या नगरीची. लॅटिनमध्ये, कोणासाठी ते विचारू नका. ठाणं महानगरपालिका झालं १ ऑक्टोबर १९८२ ला, कल्याण-डोंबिवली त्याच्या बरोबर एका वर्षानं. पण आपण अकराव्या शतकातच राहू, कारण एक डबा अजून उघडायचा राहिलाय. ‘तगरपुरपरमेश्वर’.

राजधानी ठाण्याला, राज्य कोकणात, चौदाशे गावांचं. मग हे तगर कुठलं? १७८८ मध्ये ठाण्याचा ताम्रपट छापला गेला तेव्हा त्याच खंडात लेफ्टनंट विल्फर्डनं ‘तगर नगरी’वर एक टिपण लिहिलं. कारण हे नाव युरोपियनांच्या ओळखीचं होतं. टॉलेमीच्या भूगोलात तगर आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात तर पत्ताच दिलाय: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला जातं. आपलं कल्याणही त्याच पुस्तकात आहे, आणि तिथे जहाजांवर कशी बंधनं होती तेही. तेव्हा विल्फर्डनं ठरवलं की तगर म्हणजे देवगिरी. नंतर कोणी जुन्नर म्हटलं, कोणी आणखी काही. शंभर वर्षं हा शोध चालला. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं की तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आणि ते पटलं.

तेर आपल्याला गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण तिथल्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहन काळचं भरभराटीचं शहर झोपलेलं होतं. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं वेचून ठेवलेल्या वस्तू आज तिथल्या संग्रहालयात आहेत. मातीच्या मूर्ती, मणी, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिची बहीण शोभेल अशी मूर्ती थेट इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. एवढा व्यापार त्या तगराचा.

आता शिलाहारांकडे परत या. त्यांच्या तीन शाखा. एक ठाण्याची, एक दक्षिण कोकणातली, एक कोल्हापूर-पन्हाळ्याची. तेर यातल्या कोणाच्याही राज्यात नव्हतं. तरी तगराशी नातं सांगायचा सोस ठाण्यालाही आणि कोल्हापूरलाही. हे एकट्या शिलाहारांचं वेड नव्हतं. राष्ट्रकूट आणि रट्ट म्हणायचे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. लट्टलूर म्हणजे लातूर. यादव म्हणायचे ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’. द्वारावती म्हणजे द्वारका, आणि राज्य कुठे तर सिन्नर-देवगिरीला. गोव्याचे कदंब बनवासीचं नाव लावायचे. ज्या नगरावर सत्ता नाही, कदाचित ते धड नगरही उरलेलं नाही, त्याचं स्वामित्व बिरुदात.

इतिहासकार याला कुळाच्या मूळ गावाची आठवण म्हणतात. मी त्याला डोंबिवलीच्या भाषेत सांगतो. आमच्या इमारतीच्या खाली नावांची पाटी आहे. पेडणेकर, चिपळूणकर, सातारकर, मालवणकर. पेडण्याला घर नाही, चिपळूणला शेत नाही, मुलांना मालवणी येत नाही. पण पाटीवर गाव आहे. शिलाहार हे त्या अर्थानं तगरकर. घाट उतरून कोकणात आले, समुद्र बघितला, ‘पश्चिमसमुद्राधिपती’ झाले, बंदरांच्या जकातीवर श्रीमंत झाले. आणि झेंड्याच्या वर्णनात मासा, गलबत, मिठागर काहीच घेतलं नाही. घेतलं ते जुन्या धन्याचा पक्षी आणि जुन्या गावाचं नाव. तांत्रिक भाषेत हे हातोडा-छिन्नीच्या अगदी उलट चिन्ह झालं. जर्मन खाणगाव सांगतं आम्ही काय करतो. हे सांगतात आम्ही कुठून आलो.

आणि बिरुदं ही फुकटची चैन नव्हती. त्यापायी जीव गेल्याची गोष्ट आहे. गोष्ट मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’तली, म्हणजे गुजरातच्या बाजूनं सांगितलेली आणि घटनेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी लिहिलेली, हे लक्षात ठेवून ऐका. ठाण्याचा राजा मल्लिकार्जुन ‘राजपितामह’ असं बिरुद लावायचा. राजांचा आजोबा! एका भाटानं हे बिरुद गुजरातचा राजा कुमारपाल याच्या दरबारात म्हणून दाखवलं. कुमारपालाचं डोकं फिरलं. त्यानं आंबड नावाच्या सेनापतीला कोकणावर पाठवलं. पहिल्यांदा आंबड हरून आला आणि लाजेनं काळ्या तंबूत, काळे कपडे घालून बसला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मल्लिकार्जुनाला मारूनच आला. हे साधारण ११६० च्या आसपासचं. जकात, बंदरं, घोड्यांचा व्यापार ही खरी कारणं असणारच, पण गोष्टीला निमित्त लागतं बिरुदाचं, कारण ऐकणाऱ्यांना ते पटायचं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी शेवट आला. राजा सोमेश्वर. उरणजवळच्या रानवड आणि चांजे इथले त्याचे लेख १२५९ आणि १२६० चे. यादव महादेवानं कोकणावर स्वारी केली. जमिनीवर हत्तीदळापुढे टिकाव लागेना म्हणून सोमेश्वर जहाजांतून समुद्रात उतरला, आणि तिथेच संपला. यादवांचा मंत्री हेमाद्री हे मोठ्या चवीनं सांगतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की महादेवाच्या रागाच्या आगीत पडण्यापेक्षा सोमेश्वरानं समुद्रातली आग पत्करली. जिंकणाऱ्याच्या मंत्र्याची ही कोटी आहे. बुडणाऱ्याची बाजू लिहायला कोणी उरलं नव्हतं.

बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांची एक रांग आहे. त्यातल्या काहींवर वल्ह्यांची जहाजं एकमेकांवर चालून येताना कोरली आहेत. पुष्कळजण ती याच लढाईची मानतात, काही अभ्यासक त्याही आधीच्या, माळव्याच्या भोजाच्या स्वारीची. मी तिथे गेलो की त्या जहाजांच्या डोलकाठ्यांकडे बघत बसतो. कारण एक प्रश्न सुटत नाही. यादवांची बिरुदं वर सांगितली ना, त्यात आणखी एक आहे: ‘सुवर्णगरुडध्वज’.

दोन्ही बाजूंना सोन्याचाच गरुड! त्या दिवशी समुद्रात उभ्या असलेल्या नाखव्यानं आपलं जहाज कुठलं, परकं कुठलं हे कशावरून ओळखलं असेल? रंगावरून, शिडावरून, हाकेवरून, कशावरून तरी ओळखलंच असणार. पण बिरुदांच्या पातळीवर ही लढाई गरुडाची गरुडाशी झाली. जो पक्षी थोरल्या सत्तेची खूण म्हणून ठाण्यात आला, तोच पुन्हा थोरल्या सत्तेच्या काठीवर बसून ठाण्यावर चालून आला.

ठाण्यातच पुढे यादव रामचंद्राच्या काळचे ताम्रपटही सापडले. एक १२७२ चा. त्यात यादवांचा इथला अधिकारी अच्युत नायक साष्टीतलं एक गाव दान देतो. सोमेश्वर बुडून दहा-बारा वर्षं झाली असतील नसतील. बिरुदांच्या आगगाडीत ‘तगर’ गेलं, त्या जागी ‘द्वारावती’ आली. गरुड तेवढा तोच. जमीन घेणाऱ्याला काय, शेत मिळालं की झालं.

वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित केले, तो खंड १९७७ चा आहे. मोठ्या ग्रंथालयात मिळाला तर बिरुदांची पानं सावकाश वाचा, दानाच्या मजकुराइतकीच ती बोलकी आहेत. तेरला गेलात तर संग्रहालय चुकवू नका, आणि जाताना त्रिविक्रमाचं जुनं देऊळही बघा. एकसरचे वीरगळ आपण पुढच्या भागात एकेक करून बघणार आहोत, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. तोवर, भेटूच.